आजी, तुझा भरतीचा हिशेब इथेही जुळतो

माउझल, कॉर्नवॉल
६ जानेवारी २०२६, अंगारकी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, "एवढ्या थंडीत समुद्राकाठी माणसं राहतात तरी कशी गं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि फोन दादाच्या हातात गेला. तेव्हापासून तुझा प्रश्न डोक्यात घोळतोय. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मी हॉस्पिटलच्या मधल्या सुट्टीत बोलते, त्यामुळे पोटभर बोलणं कधी होतच नाही. म्हणून हे पत्र. आई तुला वाचून दाखवेल. आई, सावकाश वाच आणि आजीने मध्ये थांबवलं तर थांब.

आधी थंडीचं सांगते. आपल्या पुण्याची थंडी कोरडी. कसब्यात सकाळी स्वेटर घालून दूध आणायला जायचं आणि अकरा वाजता गच्चीवर पाठ शेकत बसायचं. इथे पारा आपल्यापेक्षा खाली असतो, पण शून्याखाली क्वचितच जातो. दिवसा आठ-नऊ अंश, रात्री चार-पाच. अटलांटिकचं पाणी तुलनेने कोमट, त्यामुळे बर्फ जवळजवळ पडतच नाही. उलट जानेवारीत कुंपणाकुंपणातून कॅमेलिया फुलतात आणि आसपासच्या शेतांत डॅफोडिलच्या कळ्यांची तोडणी सुरू होते. पण हवा ओली. ती ओल कशी, हे आपल्या घरात फक्त तुला कळेल. श्रावणात हर्णैला तुझ्या माहेरच्या घरात उशीवर डोकं टेकलं की गालाला जी लागायची म्हणतेस ना, ती. मिठाचा खडा होतो. धुतलेले कपडे तीन दिवस वाळत नाहीत. खिडकीच्या काचेवर बाहेरून खार बसते आणि आतून घाम. डिसेंबरात सूर्य सव्वाआठला उगवायचा आणि सव्वाचारनंतर मावळायचा. आता थोडा रेंगाळतो, साडेचारपर्यंत.

पहिल्या वर्षी मी याला हिवाळा समजून राहिले आणि म्हणून कंटाळले. या वर्षी नोव्हेंबरात एक गोष्ट पाहिली आणि मग सगळं निराळंच दिसायला लागलं.

गावाचं बंदर अगदी लहान आहे. गाव पूर्वेकडे तोंड करून बसलंय आणि दगडी धक्क्याचे दोन हात पुढे येऊन त्यांनी पाणी कवेत घेतलंय. दोन्ही हातांच्या मध्ये एक फट, तेवढीच होड्यांना जायला-यायला वाट. नैर्ऋत्येचा वारा आला तर पाठीमागची टेकडी अडवते, पण आग्नेयेचा आला की लाट थेट त्या फटीतून आत घुसते. म्हणून हिवाळ्याच्या तोंडाशी ती फट बंद करतात. दोन्ही बाजूंच्या दगडांत उभ्या खाचा आहेत. क्रेनने एकेक जाडजूड लाकडी ओंडका उचलायचा, आडवा धरायचा आणि दोन्ही टोकं खाचांत बसवून खाली सोडायचा. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. ओंडका खाली बसला की "धप्प" असा ओला आवाज येतो, आणि दर आवाजागणिक फटीतून दिसणारा समुद्र वरवर सरकत जातो. शेवटचा ओंडका बसल्यावर धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या माणसाने त्याच्यावर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारावी तशी, आणि सगळे चहाला गेले. होड्या त्याआधीच बाहेर काढून ठेवलेल्या किंवा शेजारच्या न्यूलिन बंदरात नेलेल्या असतात. वसंत ऋतू येईपर्यंत हे दार उघडायचं नाही.

मी तिथेच उभी राहिले. तू सांगायचीस ते आठवलं. मृगाच्या आधी होड्या वर ओढायच्या, झावळ्यांनी शाकारायच्या, आणि मग नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. आगोटीची बेगमी. सुकट, सुके बोंबील, आमसुलं, मिरच्या, जळण. बाहेर समुद्र गाजतोय आणि आत माणसं जाळी विणत बसलीत. आजी, इथला हिवाळा म्हणजे तुझा पावसाळा आहे. पुण्याच्या हिवाळ्याशी ताडून बघत होते म्हणून मला तो परका वाटत होता.

जुन्या घरांचे तळमजलेही त्याच बेगमीचे. इथे पूर्वी तारलीच्या जातीचा मासा अमाप मिळायचा. बायका तो मिठात थरावर थर रचायच्या, मग पिंपांत दाबून इटलीला पाठवायच्या. आता त्या तळघरांत लोकांच्या बैठकीच्या खोल्या आहेत.

आता तुझ्या हिशेबाचं. तुला आठवतं, मी आठवीत असताना तू मला भरतीचं गणित शिकवलं होतंस? तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असली तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास, आणि तेव्हा उधाण. अष्टमीच्या अलीकडेपलीकडे भांग, म्हणजे पाणी फार चढायचं नाही. मी ते पाठ केलं होतं, पण मुठेला कुठली भरती? कसब्यात राहून त्याचा उपयोग काय, असंही मी तुला विचारलं होतं. तू काहीच बोलली नव्हतीस.

इथे माझ्या भिंतीवर आईने दिलेलं कालनिर्णय आहे. खालच्या घरात एक बाई राहतात, ८१ वर्षांच्या, यजमान मच्छीमार होते. त्यांच्याकडे भरती-ओहोटीच्या वेळांचं छोटं पुस्तक असतं, दरवर्षी नवीन. डिसेंबरात एका संध्याकाळी त्यांच्याकडे बसले असताना सहज ते पुस्तक आणि आपल्या तिथ्या शेजारी शेजारी मांडल्या. इथे पौर्णिमा-अमावास्येची भरती बाराला येत नाही, पाचच्या सुमारास येते, पहाटे आणि संध्याकाळी. म्हणजे तुझी पाऊणपट करायची आणि पाच तास मिळवायचे. महिनाभर ताडून पाहिलं. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, कधी थोडा जास्त, पण हिशेब सुटत नाही. बाईंना मी कालनिर्णयातली अष्टमी दाखवून म्हटलं, त्या दिवशी अकराच्या आसपास भरती असणार आणि पाणी फार चढणार नाही. त्यांनी चष्मा लावला, पुस्तक पाहिलं, बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं?" मी तुझं नाव सांगितलं. त्यांना ते उच्चारता आलं नाही, तर त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

ओहोटीला हे बंदर पार कोरडं पडतं, आजी. उन्हाळ्यात भरतीला डुलणाऱ्या होड्या सहा तासांनी चिखलात कुशीवर पडलेल्या असतात. आता हिवाळ्यात होड्या नाहीत, नुसती वाळू, शेवाळ आणि गलपक्षी. उधाणाच्या दिवशी पाण्याच्या वरच्या आणि खालच्या रेषेत जवळजवळ पाच मीटरचं अंतर पडतं.

बाबा, हे तुमच्यासाठी. तुम्ही उभी हयात पाटबंधारे खात्यात लेव्हल घेत हिंडलात, तर न्यूलिनची गोष्ट तुम्हाला आवडेल. मी रोज बसने जाते त्या वाटेवरचं हे बंदर. तिथल्या धक्क्याच्या टोकाशी भरतीची उंची मोजणारी एक छोटीशी खोली आहे. १९१५ ते १९२१ या सहा वर्षांत तिथे पाण्याची पातळी सतत नोंदवली, तिची सरासरी काढली, आणि ती शून्य धरली. ब्रिटनच्या मुख्य भूमीवरच्या सगळ्या डोंगरांची उंची त्या शून्यापासून मोजतात. बस तिथून वळते तेव्हा रोज मला पुणे स्टेशनची पिवळी पाटी आणि तिच्यावरचा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा आकडा आठवतो. लहानपणी तुम्ही मला तो वाचायला लावायचात.

रोजचा दिवस कसा जातो, हे आई प्रत्येक वेळी विचारते. सकाळी सातला अंधारातच उठते. आठच्या छोट्या बसने पेन्झान्स, पाच किलोमीटर. हॉस्पिटलात बहुतेक रुग्ण म्हातारे. कोणी ओल्या पायरीवरून घसरून खुबा मोडलेला, कोणाचे गुडघे गेलेले. मी त्यांना उभं करते, चालवते. संध्याकाळी परत येते तेव्हा पुन्हा अंधार. दुकान एक, तेही लवकर बंद. उन्हाळ्यात या गल्ल्यांतून चालायला जागा नसते, आणि आता माझ्याच बुटांचा आवाज मला ऐकू येतो.

एक गोष्ट मात्र मनाला लागते, ती तुला सांगितल्यावाचून राहवत नाही. माझ्या गल्लीत अकरा घरं. संध्याकाळी दिवा चारच घरांत लागतो. बाकीची सुट्टीपुरती घेतलेली किंवा पर्यटकांना भाड्याने द्यायची. दाराशेजारी आकडे फिरवून उघडायची एक लहानशी लोखंडी पेटी, तिच्यात किल्ली. आत सगळं नीटनेटकं, पडद्याच्या फटीतून दिसतं, उशासुद्धा एका ओळीत. पण माणूस नाही. गावात वाढलेल्या पोरांना या किमतीत घर घेणं जमत नाही, ती वरच्या भागात किंवा दुसऱ्या गावांत राहतात. मला तुझं माहेरचं घर दिसतं. मामाआजोबा मुंबईला गेले, त्यांची मुलं गणपतीत आणि मे महिन्यात येतात, आणि एरवी दाराला ते गंजलेलं कुलूप. मागच्या वेळी आपण गेलो तेव्हा तू कुलूप हातात धरून उभी होतीस, उघडलं नाहीस. तेव्हा मी तुला घाई केली होती. आता नसती केली.

माझ्या घराचंही रडगाणं आहेच. नोव्हेंबरात झोपायच्या खोलीच्या भिंतीवर काळी बुरशी चढली, पलंगामागे वीतभर. घर भाड्याने देणाऱ्या एजंटला चार वेळा लिहिलं. उत्तर एकच, खिडक्या उघड्या ठेवत जा. पाऊस आडवा येत असताना खिडक्या कशा उघड्या ठेवायच्या? मला खोकला झाला आणि तीन आठवडे हटला नाही. शेवटी खालच्या बाईंनीच हवेतली ओल शोषणारं त्यांचं जुनं यंत्र वर आणून दिलं. रात्रभर चालवलं तर सकाळी त्याच्या खालच्या भांड्यात दीड-दोन लिटर पाणी साठलेलं असतं. हे सगळं पाणी मी श्वासातून घेत होते! आता भिंत पुसून घेतली, पलंग पुढे ओढला, खोकला गेला. आई, काळजी करू नकोस, म्हणूनच बरं झाल्यावर सांगतेय.

आता १९ डिसेंबरचं सांगते. हे मला तुलाच सांगायचं होतं.

नाताळात हे गाव दिव्यांसाठी प्रसिद्ध आहे. १९६३ पासून दरवर्षी बंदरात दिवे लावतात. पाण्यावर तरंगणाऱ्या दिव्यांच्या होड्या, दिव्यांचा समुद्री साप. लांबलांबून लोक पाहायला येतात. पण १९ तारखेला रात्री आठ वाजता सगळे दिवे मालवतात. एक तास. टेकडीवर फक्त एक क्रूस आणि दोन देवदूत तेवढे उजळलेले राहतात.

१९८१ साली त्या रात्री फार मोठं वादळ होतं. युनियन स्टार नावाचं मालवाहू जहाज, पहिल्याच सफरीवर निघालेलं, इंजिन बंद पडून किनाऱ्याकडे ढकललं जात होतं. जहाजावर आठ माणसं, त्यांत कप्तानाची बायको आणि तिच्या दोन मुली. हेलिकॉप्टर आलं, पण लाटा आणि वारा एवढे की त्याला कोणाला उचलता येईना. तेव्हा इथून सॉलोमन ब्राऊन नावाची लाकडी लाइफबोट सुटली. आठ जण. सगळे स्वयंसेवक, मासेमारी करणारे, पब चालवणारे, अशी साधी माणसं. ट्रेव्हेलियन रिचर्ड्स तिचे तांडेल. निघताना त्यांनी एका सतरा वर्षांच्या मुलाला परत पाठवलं, कारण त्याचे वडील आधीच बोटीत होते आणि अशा रात्री एका घरातली दोन माणसं न्यायला ते तयार नव्हते. बोट जहाजापर्यंत पोहोचली. पुन्हा पुन्हा जवळ गेली. चार माणसं उतरवून घेतल्याचा निरोप रेडिओवर आला. त्यानंतर काहीच आलं नाही. जहाजावरचे आठ आणि बोटीवरचे आठ, सोळाही जण गेले.

दुसरा दिवस संपायच्या आत नव्या बोटीवर जायला पुरतील इतक्या लोकांनी गावातून नावं दिली होती.

गावाने त्या वर्षी दिवे लावायचे नाहीत असं ठरवलं होतं. पण गेलेल्यांतल्या एकाच्या पत्नीनेच ते परत लावायला सांगितले, आणि तीन दिवसांनी ते लागले. लाइफबोटीचं हे काम इथे सरकार करत नाही. १८२४ मध्ये स्थापन झालेली एक संस्था लोकांच्या देणग्यांवर चालवते. दुकानात, पबमध्ये, बस थांबते तिथे, सगळीकडे तिच्या दानपेट्या. माझी बस पेनली पॉइंटच्या वळणावरून जाते, तिथे ती जुनी बोटघरी अजून आहे आणि तिच्याशेजारी स्मृतीची बाग. बसमधल्या गप्पा त्या वळणावर थोड्या मंदावतात. कोणी ठरवून करत नाही.

या वर्षी १९ तारखेला अमावास्या होती. चंद्र नाही, वारा पडलेला. मी खालच्या बाईंबरोबर धक्क्यावर गेले. त्यांनी काठी आणली नव्हती, माझा हात धरला. आठला एका बाजूने दिवे विझत गेले, आणि मग काळोख. एवढी माणसं उभी होती, पण बोलत कोणी नव्हतं. उधाणाची भरती पाचला होऊन गेलेली, पाणी ओसरत होतं, आणि ओंडक्यांच्या फटींतून ते बाहेर पडताना जो बारीक खळखळाट होतो तेवढाच ऐकू येत होता. बाईंची बोटं माझ्या मनगटावर होती. १९८१ साली त्या सदतीस वर्षांच्या होत्या. त्या आठही जणांना त्या ओळखत होत्या, एवढंच त्यांनी मला एकदा सांगितलंय, त्यापुढे मी विचारलं नाही.

मला तुझे बाबूकाका आठवले. तू त्यांच्याबद्दल एकच वाक्य बोलतेस, "गेला तो नवमीच्या भरतीला, आला नाही." लहानपणी मला वाटायचं ही गोष्ट अर्धीच आहे. त्या रात्री धक्क्यावर कळलं, ती पुरी आहे.

नऊला दिवे परत लागले. बाई म्हणाल्या, "चल, चहा करते."

आणि चारच दिवसांनी, २३ तारखेला, गाव पुन्हा हसतं-खेळतं! त्या दिवशी टॉम बॉकॉक नावाच्या मच्छीमाराची आठवण काढतात. गोष्ट अशी की कोणे एके काळी हिवाळी वादळांमुळे होड्या अडकून पडल्या, गाव उपाशी राहायची वेळ आली, तेव्हा हा पठ्ठ्या एकटा वादळात गेला आणि सात जातींचे मासे घेऊन आला. सगळे एकाच मोठ्या 'पाय'मध्ये, म्हणजे पिठाच्या पारीखाली झाकून, भाजले, आणि आत खरंच मासे आहेत हे दिसावं म्हणून त्यांची डोकी वर काढून ठेवली. तो पाय आजही करतात. पिठाच्या खरपूस झाकणातून तारल्यांची डोकी वर आभाळाकडे पाहतायत! मुलं स्वतः बनवलेले कंदील घेऊन मिरवणुकीत चालतात, पबमध्ये गर्दी, गाणी, आणि पायचा घास सगळ्यांना. मला एक तारली मिळाली. चव साधी, दूध-बटाटा-अंडं. तुझ्या तिखल्याच्या पासंगालाही पुरणार नाही, पण गरम होती आणि बाहेर पाऊस होता.

मग मी दुसऱ्या दिवशी न्यूलिनहून ताज्या तारल्या आणल्या आणि तिखलं केलं. आईने दिलेली आमसुलं, तिरफळं, घरचा मसाला. तू गणेश पेठेतल्या मासळीबाजारातून पिशवी घेऊन घरी यायचीस आणि म्हणायचीस, "मासा बर्फाचा आहे, समुद्राचा नाही." आजी, हा समुद्राचा होता. आदल्या रात्री पकडलेला, खवले अजून चमकत होते, कल्ले लालभडक. तू असायला हवी होतीस. बाईंनी तिरफळ चावलं, जीभ बधिर झाली म्हणून घाबरल्या, मग हसल्या आणि आणखी भात मागितला.

त्याच्या बदल्यात त्यांनी मला पेस्टी शिकवली. इथली घरोघरची चीज आहे. खाणीत काम करणारे लोक डब्याऐवजी न्यायचे. मैद्याची जाड पोळी, अर्ध्या भागात बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा एक पिवळसर कंद. मांसही घालतात, मी चीज घातलं. मग पोळी दुमडून कडा बंद करायची. बाई म्हणाल्या, "हे अवघड आहे, माझ्या सुनेला अजून जमत नाही, तू नुसती दाबून टाक." मी पोळी हातात घेतली आणि अंगठ्याने कड दुमडत, पुढे सरकत, मुरड घातली. शेवटपर्यंत. दिवाळीत तुझ्याशेजारी पाटावर बसून शंभर करंज्यांना घातली असेल तीच मुरड. बाईंनी माझा हात धरून बोटं पाहिली. कॉर्निश पेस्टी म्हणजे ताटाएवढी करंजी आहे, हे मी त्यांना कसं सांगणार? कागदावर करंजीचं चित्र काढून दाखवलं.

साय तर तुझ्यासारखीच जपतात इथे. दूध मंद आचेवर तासन्‌तास तापवून वर आलेला जाड, पिवळसर थर, तो खमंग बिस्किटासारख्या बनवर जॅमच्या वर घालून खातात. आधी जॅम, मग साय. उलट केलं तर इथले लोक गंभीरपणे समजावून सांगतात. आणि केशराचे गोड पाव! या टोकाच्या गावात केशर कुठून आलं, मला नवल वाटतं, पण पाव फोडला की श्रीखंडाचा वास येतो.

परवा रविवारी वरच्या पॉल गावात चालत गेले, मोठा चढ आहे. तिथल्या चर्चच्या आवाराच्या भिंतीत एका बाईचं स्मारक आहे. डॉली पेंट्रीथ. ही आपल्या माउझलची मासे विकणारी. १७७७ मध्ये वारली. कॉर्निश ही इथली जुनी भाषा जन्मापासून बोलणारी शेवटची माणसं कोण, असं विचारलं की तिचं नाव घेतात. दगड १८६० साली लावलेला. आता ती भाषा लोक नव्याने शिकतायत, गावांच्या पाट्यांवर लिहितायत, ते चांगलंच आहे. पण मी तिथे उभी राहून तुझा विचार करत होते. उधाण, भांग, आगोट, शाकारणं, मतलई वारा, तांडेल. आपल्या घरात हे शब्द तुझ्या तोंडी आहेत. आईला अर्धे ठाऊक, मला चार-दोन, दादाला एकही नाही. डॉलीसुद्धा टोपलीतला मासा विकताना भावाची घासाघीस त्याच भाषेत करत असेल, आणि ऐकणाऱ्याला वाटलं असेल, ही बाई रोज बोलतेच आहे, लिहून काय ठेवायचं.

म्हणून आजी, एक काम कर. दुपारी तू पडतेस तेव्हा आईने वही घेऊन बसायचं, आणि तू सांगायचं. सुरुवात वाऱ्यांपासून कर. कोणत्या महिन्यात कोणता वारा, त्याला हर्णैला काय म्हणायचे. मग माशांची नावं, लहान असताना वेगळं आणि मोठा झाल्यावर वेगळं, ते सगळं. मग होडीच्या प्रत्येक भागाचं नाव. लिलावाला किनाऱ्यावर उभं राहून बोली कशी लावायचे, ती बोटांची खूणही. सुवर्णदुर्गावरून पाऊस येताना दिसायचा त्याला तू एक शब्द वापरायचीस, तो मला आठवतच नाही, परवा रात्री दोन वाजेपर्यंत आठवत बसले होते. तो पहिल्या पानावर लिहा.

संक्रांतीला आठच दिवस राहिले. आणलेला चिकीचा गूळ अजून आहे, तीळ पेन्झान्सला मिळतात. गल्लीतल्या चारही दिवा लागणाऱ्या घरांत तीळगूळ द्यायचं ठरवलंय.

तुम्ही चंद्र पाहून जेवायला बसला असाल तेव्हा इथे दुपारचे चारसुद्धा वाजले नसतील, मी हॉस्पिटलातच होते. आता आठ वाजत आलेत. मोदक जमले नाहीत, पण खोबरं-गुळाचं सारण करून ठेवलंय. आभाळात ढग आहेत, मध्येच फाटतात. खिडकीतून समोर काळं पाणी आणि पलीकडच्या किनाऱ्यावरचे दिवे दिसतायत. चंद्र तिकडूनच वर येईल. खालून बाईंनी आत्ताच हाक मारून विचारलं, "दिसला का?" त्यांना मी उपासाचं सांगितलं होतं. त्या त्यांच्या खिडकीत बसल्यात, मी माझ्या.

बाबांना नमस्कार, आईला आणि दादाला प्रेम. तुझ्या गुडघ्यांचे व्यायाम रोज दोनदा, जिना धरून.

तुझी नात

ता. क. आई, तिरफळं संपत आलीत. कोणी इकडे येणार असेल तर मूठभर पाठव, खालच्या बाईंनाही हवीत.